दातांचा सीबीसीटी स्कॅन: चित्र स्पष्ट येणे नेमके कशावर अवलंबून असते?

दाढेचे रूट कॅनाल दोन वर्षांपूर्वी झालेले आहे, वर कॅपही बसवलेली आहे. तरीही आता चावताना पुन्हा दुखते. साध्या एक्स-रेमध्ये काही कळत नाही, म्हणून डेंटिस्ट सीबीसीटी स्कॅन काढायला सांगतात. स्कॅनमध्ये दाढेच्या मुळावर एक बारीक काळी रेघ दिसते.

ती रेघ म्हणजे मुळाला उभी गेलेली चीर असेल, तर दाढ बहुतेक वेळा काढावीच लागते. पण ती मुळाच्या पोकळीत भरलेल्या पदार्थामुळे चित्रात उमटलेली खोटी सावली असेल, तर? वाचण्यासारखी दाढ विनाकारण काढली जाईल.

सीबीसीटी स्कॅनच्या चित्राचा दर्जा हा फक्त तंत्रज्ञांच्या चर्चेचा विषय का नाही, हे या एका उदाहरणावरून लक्षात येते. 'आमच्याकडे हाय रिझोल्युशन ३डी स्कॅन' अशा जाहिराती आता सोशल मीडियावर सर्रास दिसतात. पण स्कॅन चांगला की वाईट हे एका आकड्यावर ठरत नाही.

सीबीसीटी म्हणजे काय?

सीबीसीटी म्हणजे कोन बीम कॉम्प्युटेड टोमोग्राफी. यात एक्स-रे शंकूच्या किंवा पिरॅमिडच्या आकारात पसरतात. रुग्ण उभा किंवा बसलेला असतो आणि डोक्याच्या एका बाजूला एक्स-रे ट्यूब, तर समोरच्या बाजूला चपटा डिटेक्टर असतो. ही जोडी डोक्याभोवती एक फेरी मारते. काही यंत्रांत फेरी पूर्ण ३६० अंशांची असते, तर काहींत साधारण अर्ध्या वर्तुळाची. फेरीला बहुधा १० ते २० सेकंद लागतात.

तेवढ्या वेळात वेगवेगळ्या कोनांतून शेकडो एक्स-रे चित्रे घेतली जातात. मग संगणक गणित करून त्यांच्यापासून जबड्याचा त्रिमितीय ठोकळा तयार करतो. हा ठोकळा हव्या त्या दिशेने कापून पाहता येतो.

यामागच्या गणिताचा उगम मजेशीर आहे. फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस या तीन संशोधकांनी १९८४ मध्ये शंकूच्या आकाराच्या किरणांपासून त्रिमितीय चित्र बनवण्याची व्यवहार्य पद्धत मांडली. ते काम करत होते फोर्ड या मोटार कंपनीत! वस्तू न फोडता तिच्या आतले दोष पाहण्यासाठी हे तंत्र उपयोगी होते. दातांसाठीची सीबीसीटी यंत्रे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. इटलीतल्या वेरोना शहरात 'न्यूटॉम' हे यंत्र तयार झाले आणि त्याच सुमारास जपानमध्ये योशिनोरी अराई यांनी लहान भागाच्या स्कॅनसाठी वेगळे यंत्र विकसित केले.

चित्राचा दर्जा म्हणजे नेमके काय?

मोबाइलवर काढलेला फोटो 'चांगला आला' असे म्हणताना त्यात अनेक गोष्टी गृहीत असतात. फोटो हललेला नाही, अंधुक नाही, त्यात दाणे दिसत नाहीत आणि समोरच्या दिव्याने चेहरा काळवंडलेला नाही. सीबीसीटीतही साधारण याच गोष्टी पाहिल्या जातात.

• स्पष्टता: दोन बारीक गोष्टी जवळजवळ असतील तर त्या वेगवेगळ्या दिसतात का?
• कॉन्ट्रास्ट: दात, हाड, हिरडी आणि हवा यांच्या करड्या छटांमध्ये पुरेसा फरक आहे का?
• नॉइज: चित्रावर रवाळपणा किती आहे? रात्री कमी उजेडात काढलेल्या फोटोत दिसतात तसे दाणे इथेही दिसतात.
• आर्टिफॅक्ट: शरीरात नसलेली, पण यंत्र किंवा गणितामुळे चित्रात उमटलेली खोटी खूण आहे का?

अडचण अशी की या चारही गोष्टी एकाच वेळी उत्तम मिळत नाहीत. एक सुधारायला गेले की दुसरी बिघडते, नाहीतर रेडिएशन वाढते.

व्हॉक्सेल जितका लहान तितका स्कॅन चांगला?

फोटोत जसे पिक्सेल, तसे त्रिमितीय चित्रात व्हॉक्सेल. व्हॉक्सेल म्हणजे चित्राचा सर्वांत लहान घन. दातांच्या सीबीसीटीत त्याची बाजू साधारण ०.०७५ मिमी ते ०.४ मिमी असते. तिन्ही बाजू सारख्या असल्याने ठोकळा कोणत्याही दिशेने कापला तरी चित्र सारखेच बारीक येते.

जाहिरातीत बहुतेक हाच आकडा मिरवला जातो. पण व्हॉक्सेलचा आकार म्हणजे प्रत्यक्ष स्पष्टता नव्हे. मोबाइलला १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा असला तरी अंधारात हात हलवत काढलेला फोटो खराबच येतो, तसेच इथेही होते. एक्स-रे ज्या बिंदूतून निघतात त्याचा आकार, डिटेक्टरचा दर्जा, फेरीत घेतलेल्या चित्रांची संख्या, चित्र जुळवणारे सॉफ्टवेअर आणि रुग्ण किती स्थिर राहिला, या सगळ्यांवर खरी स्पष्टता ठरते.

शिवाय लहान व्हॉक्सेलची किंमतही मोजावी लागते. समजा, व्हॉक्सेलची बाजू ०.२ मिमीवरून ०.१ मिमी केली. बाजू निम्मी झाली, पण घनाचे आकारमान आठपट कमी झाले. रेडिएशन तेवढेच ठेवले तर प्रत्येक घनाच्या वाट्याला किरणांची माहितीही साधारण आठपट कमी येते. त्यामुळे रवाळपणा जवळजवळ २.८ पट वाढू शकतो. तो कमी करायचा तर रेडिएशन वाढवावे लागते किंवा सॉफ्टवेअरने चित्र मऊ करावे लागते. मऊ केले की बारीक तपशील पुन्हा पुसट होतात.

फाइलही प्रचंड मोठी होते. ५ सेंटिमीटर बाजूच्या भागात ०.४ मिमीचे सुमारे साडेएकोणीस लाख व्हॉक्सेल मावतात, तर ०.१ मिमीचे साडेबारा कोटी!

म्हणून व्हॉक्सेल कामानुसार निवडला जातो. वरच्या पहिल्या दाढेतली लपलेली जास्तीची नलिका शोधायची असेल तर बारीक व्हॉक्सेल लागतो. दोन-तीन इम्प्लांटसाठी हाडाची उंची-रुंदी मोजायची असेल तर ०.२ किंवा ०.३ मिमी सहसा पुरेसा असतो.

लक्षात ठेवण्याजोगी आणखी एक गोष्ट. स्पष्टतेच्या बाबतीत तोंडात सेन्सर ठेवून काढलेला साधा एक्स-रे आजही सीबीसीटीपेक्षा सरस आहे. सीबीसीटीचा फायदा तिसऱ्या मितीत आहे. साध्या एक्स-रेत एकावर एक आलेल्या गोष्टी त्यात सुट्या करून पाहता येतात.

पूर्ण चेहरा स्कॅन केला तर जास्त फायदा?

स्कॅनमध्ये येणाऱ्या भागाला 'फील्ड ऑफ व्ह्यू' म्हणतात. तो लहान असेल तर ४ ते ५ सेंटिमीटरचा, म्हणजे दोन-चार दातांपुरता असतो. मध्यम असेल तर दोन्ही जबडे मावतात. मोठा असेल तर चेहऱ्याचा बहुतेक भाग येतो.

'पैसे देतोच आहोत तर सगळेच काढून घेऊ' असा विचार इथे उलटा पडतो. एक्स-रे शरीरात शिरले की त्यातले काही सरळ आरपार जातात, तर काही आदळून भलतीकडे वळतात. हे विखुरलेले किरण डिटेक्टरवर चुकीच्या जागी पडतात. उन्हाळ्यात धुरकट काचेतून पाहिल्यासारखे चित्र फिकट होते आणि रवाळपणा वाढतो. जितका मोठा भाग स्कॅन केला, तितके विखुरलेले किरण जास्त.

रुग्णालयातल्या पारंपरिक सीटी स्कॅनमध्ये किरणांचा पट्टा तुलनेने अरुंद असतो. त्यामुळे तिथे हा त्रास कमी होतो. जीभ, स्नायू, हिरडी अशा मऊ भागांतला फरक सीबीसीटीत नीट दिसत नाही, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे. म्हणूनच मऊ भागातली गाठ तपासायची असेल तर सीबीसीटी हे योग्य साधन नाही.

एका दाताचा प्रश्न असेल तर त्या दातापुरताच स्कॅन काढला की चित्र अधिक चांगले येते आणि रेडिएशनही कमी लागते. दोन्ही फायदे एकत्र मिळतात अशी ही दुर्मीळ जागा आहे.

कॅप, फिलिंग आणि इम्प्लांटमुळे चित्र का बिघडते?

दातांच्या सीबीसीटीतला सर्वांत मोठा खलनायक म्हणजे तोंडातला धातू. एक्स-रेच्या झोतात कमी-जास्त ऊर्जेचे किरण मिसळलेले असतात. धातू कमी ऊर्जेचे किरण शोषून घेतो आणि फक्त जास्त ऊर्जेचे पलीकडे जातात. संगणकाचे गणित मात्र सगळा झोत एकसारखा आहे असे धरून चालते. हिशेब चुकतो आणि चित्रात धातूच्या शेजारी काळे पट्टे व पांढऱ्या चमकदार रेघा उमटतात. धातू फार जाड असेल तर किरण जवळजवळ पोहोचतच नाहीत. मग त्या जागेची माहितीच संगणकाला मिळत नाही.

सगळे पदार्थ सारखाच त्रास देत नाहीत. ज्या मूलद्रव्याचा अणुक्रमांक मोठा, ते एक्स-रे जास्त अडवते. हाडातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक २० आहे, इम्प्लांटच्या टायटॅनियमचा २२, झिर्कोनियमचा ४०, चांदीचा ४७, सोन्याचा ७९ आणि पाऱ्याचा ८०. त्यामुळे चांदी-पाऱ्याचे जुने फिलिंग किंवा सोन्याची कॅप चित्र जास्त बिघडवते. झिर्कोनियाची कॅप पांढरीशुभ्र, दातासारखी दिसते, पण एक्स-रेच्या दृष्टीने तीही टायटॅनियमपेक्षा जास्त अडथळा आणते. रूट कॅनालमध्ये भरला जाणारा गटापर्चाही एक्स-रेमध्ये दिसावा म्हणून त्यात जड घटक मिसळलेले असतात. त्याच्याभोवतीही सावल्या पडतात.

या खोट्या सावल्यांमुळे चूक होण्याच्या तीन नेहमीच्या जागा आहेत.

• मुळाची चीर: गटापर्चा किंवा धातूच्या पोस्टपासून निघालेली काळी रेघ चिरेसारखी दिसते. म्हणून अनुभवी डॉक्टर फक्त रेघेवर विसंबत नाहीत. मुळालगतचे हाड झिजले आहे का, हिरडीत एकाच जागी अरुंद व खोल खाच लागते का, हे तपासून मगच निर्णय घेतात.
• इम्प्लांटभोवतीचे हाड: टायटॅनियमच्या कडेला काळी किनार दिसली की 'इम्प्लांट हाडात बसलाच नाही' असे वाटू शकते. नेहमीच्या तपासणीसाठी तोंडातला साधा एक्स-रे इथे जास्त भरवशाचा असतो.
• कीड: फिलिंगशेजारचा काळा डाग कीड वाटतो, पण ती सावलीही असू शकते. कीड शोधण्यासाठी सीबीसीटी वापरत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे.

या रेघा मुख्यतः किरणांच्या पातळीतच, म्हणजे साधारण आडव्या पसरतात. त्यामुळे डोक्याचा कोन थोडा बदलून किंवा दातांमध्ये कापसाची गुंडाळी धरून वरच्या दातांच्या कॅपची सावली खालच्या दातांवर पडणे टाळता येते. 'मेटल आर्टिफॅक्ट रिडक्शन' नावाची सॉफ्टवेअरेही असतात. ती मदत करतात, पण जी माहिती डिटेक्टरपर्यंत पोहोचलीच नाही ती परत आणू शकत नाहीत.

रुग्ण हलला तर?

रुग्णालयातले आधुनिक सीटी यंत्र एक फेरी सेकंदाहून कमी वेळात पूर्ण करते. दातांच्या सीबीसीटीला मात्र एका फेरीलाच १० ते २० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात रुग्णाने आवंढा गिळला, मान किंचित झुकवली किंवा फिरणाऱ्या यंत्राकडे नजर वळवताना डोके हलवले, तर चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत. हाडाच्या कडा दुहेरी दिसतात आणि बारीक तपशील विरघळतात.

साधा हिशेब करून पाहावा. व्हॉक्सेल ०.१ मिमीचा आहे आणि डोके अर्धा मिमी हलले, तर चित्र पाच व्हॉक्सेलने सरकले. मग त्या बारीक व्हॉक्सेलला काही अर्थ उरत नाही.

इथेही परिणाम गंभीर होऊ शकतो. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठ आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. इम्प्लांटचे टोक आणि या नसेची नलिका यांच्यात सहसा २ मिमी तरी अंतर ठेवले जाते. नलिकेची कडाच दुहेरी दिसत असेल तर हे अंतर नेमके कुठून मोजायचे? मोजमाप चुकले तर ओठाला कायमचा बधिरपणा येऊ शकतो. अक्कलदाढ काढण्याआधी नस किती जवळ आहे हे पाहतानाही हीच अडचण येते.

सीबीसीटीवरून हाडाची घनता कळते का?

पारंपरिक सीटी स्कॅनमध्ये 'हाउन्सफिल्ड युनिट' हे माप वापरतात. सीटी स्कॅनचे जनक गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्यावरून हे नाव पडले. त्यांना १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. या मापात पाणी शून्यावर आणि हवा उणे १००० वर असते.

सीबीसीटीच्या सॉफ्टवेअरमध्येही हाडावर कर्सर नेला की एक आकडा दिसतो. मात्र तो तितका भरवशाचा नसतो. विखुरलेले किरण, स्कॅनचा आवाका, आसपासचा धातू, एवढेच नव्हे तर दात चित्राच्या मध्यभागी आहे की कडेला, यानेही तो बदलतो. एकाच हाडाला दोन यंत्रे वेगवेगळे आकडे देऊ शकतात. त्यामुळे 'तुमच्या हाडाची घनता अमुक आहे' असे केवळ या आकड्यावरून ठामपणे सांगता येत नाही. अंतरांची मोजमापे मात्र, चित्र स्थिर असेल तर, बरीच अचूक असतात.

मग रेडिएशन वाढवून चित्र चांगले का करत नाहीत?

रेडिएशन वाढवले की रवाळपणा कमी होतो, हे खरे. पण एका मर्यादेनंतर चित्र फक्त देखणे होते, निदानात भर पडत नाही.

एक्स-रेचा परिणाम मायक्रोसिव्हर्ट या एककात मोजतात. पृथ्वीवर राहणाऱ्या माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी सुमारे २४०० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा मायक्रोसिव्हर्ट मिळतात. एका दाताच्या साध्या एक्स-रेमध्ये जेमतेम काही मायक्रोसिव्हर्ट असतात. दातांच्या सीबीसीटीत यंत्र, सेटिंग आणि आवाक्यानुसार हा आकडा काही दशकांपासून काही शेकड्यांपर्यंत जातो. मोठ्या आवाक्याच्या स्कॅनमध्ये तो १००० च्या आसपासही जाऊ शकतो. म्हणजे एक लहान स्कॅन काही दिवसांच्या नैसर्गिक रेडिएशनइतका, तर दुसरा मोठा स्कॅन काही महिन्यांच्या रेडिएशनइतका असू शकतो. दोघांचे नाव मात्र एकच, 'सीबीसीटी'.

घाबरून जाण्याइतके हे प्रमाण नाही, पण उगाचच घ्यावे असेही नाही. लहान मुलांच्या शरीरावर रेडिएशनचा परिणाम तुलनेने जास्त होतो, म्हणून त्यांच्या बाबतीत अधिक काळजी घेतात. युरोपियन कमिशनने २०१२ मध्ये दातांच्या सीबीसीटीसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आधी रुग्णाला तपासावे, स्कॅनने उपचारात फरक पडणार असेल तरच तो काढावा, असा त्यांचा सूर आहे. 'अलाडा' हे तत्त्वही आता रुळले आहे. त्याचा अर्थ, निदान करता येईल इतपत चांगले चित्र मिळावे आणि त्यासाठी कमीत कमी रेडिएशन वापरावे.

यंत्र आणि पाहणाऱ्याची नजर

चांगले यंत्रही कालांतराने बिघडते. डिटेक्टरचे काही ठिपके नीट काम करेनासे झाले की चित्रात एकात एक वर्तुळे दिसू लागतात. त्यामुळे यंत्राची ठरावीक काळाने तपासणी आणि कॅलिब्रेशन करावे लागते. भारतात एक्स-रे यंत्रांवर मुंबईत मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, देखरेख ठेवते. यंत्र वापरण्यासाठी केंद्राला मंडळाची परवानगी घ्यावी लागते आणि गुणवत्ता तपासणीही करून घ्यावी लागते.

स्कॅन उत्तम असला तरी तो कसा पाहिला जातो, यावरही बरेच ठरते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्क्रीनशॉट किंवा कागदावरची प्रिंट म्हणजे शेकडो कापांपैकी दोन-चार काप. मूळ डायकॉम फाइल कमी उजेडाच्या खोलीत, चांगल्या पडद्यावर, सगळ्या दिशांनी फिरवून पाहिली तरच संशयास्पद रेघ खरी की खोटी हे ठरवता येते. खरी चीर किंवा नलिका सलग कापांमध्ये तिच्या मार्गाने पुढे जाताना दिसते. धातूची सावली मात्र धातूपासून निघते आणि बाहेर फाकत जाते.

अलीकडे रवाळपणा कमी करणारी एआय सॉफ्टवेअरेही आली आहेत. कमी रेडिएशनचे चित्र ती गुळगुळीत करून दाखवतात. पण गुळगुळीत चित्र अधिक खरे असेलच असे नाही. पुसताना दाण्यांबरोबर एखादी बारीक खरी रेघही पुसली जाऊ शकते.

स्कॅनला जाताना काय लक्षात ठेवावे?

• कानातले, नाकातली चमकी किंवा नथ, गळ्यातली साखळी, चष्मा, केसांच्या पिना आणि निघणारी कवळी काढून ठेवावी. गळ्याला शिशाची पट्टी लावली असेल तर ती किरणांच्या वाटेत येत नाही ना, हे तंत्रज्ञ पाहतात.
• स्कॅनपूर्वीच आवंढा गिळून घ्यावा. यंत्र फिरत असताना नजर एका जागी ठेवावी, डोके टेकवलेले ठेवावे आणि सावकाश श्वास घ्यावा.
• गर्भवती असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास आधीच सांगावे.
• 'कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी हा स्कॅन आहे?' आणि 'तेवढ्याच भागाचा काढता येईल का?' हे दोन प्रश्न जरूर विचारावेत.
• प्रिंटबरोबर डायकॉम फाइल मागून घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाले तर पुन्हा स्कॅन काढावा लागत नाही.
• दात काढण्यासारखा निर्णय केवळ स्कॅनमधल्या एका रेघेवर होत असेल, तर 'ही धातूची सावली नाही ना?' असे विचारायला संकोच करू नये.

सुरुवातीच्या उदाहरणातल्या दाढेचा निकालही याच प्रश्नावर अवलंबून आहे. स्कॅन लहान भागाचा, स्थिर आणि योग्य सेटिंगवर काढलेला असेल, रेघ सलग कापांमध्ये दिसत असेल, शेजारचे हाड झिजलेले असेल आणि हिरडीची तपासणीही तेच सांगत असेल, तर चिरेचा संशय पक्का होतो. यातले काहीच जुळत नसेल, तर दाढ काढण्याआधी थांबून आणखी तपास करणेच शहाणपणाचे ठरते.